डेपोचा बफर कुंपणाच्या आत की तुमच्या शेतात?

प्रश्न: आमची तीन एकर जमीन नगरपरिषदेच्या कचरा डेपोच्या कुंपणाला लागून आहे. नव्या प्रारूप विकास आराखड्यात निम्म्या गटावर 'बफर, ना विकास' (डेपोभोवती बांधकाम न करण्याचा मोकळा पट्टा) दाखवलंय. संपादन नाही, मोबदला नाही, असं कार्यालयात सांगतात. मुलाला तिथे घर बांधायचंय. एक एजंट पडत्या भावात विसार द्यायला तयार आहे. काय करावं?

उत्तर: विसार घेऊ नका. या प्रारूप आराखड्यावर हरकत (लेखी आक्षेप) घ्यायची मुदत संपेपर्यंत तर कुठेच सही करू नका.

आधी भाग नकाशाची प्रमाणित प्रत आणि आराखड्याचा अहवाल मिळवा. तुमच्या गटावर बफर दाखवणाऱ्या तिरप्या रेषांना आरक्षण क्रमांक दिलाय (म्हणजे जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलीय), की तो नुसता झोन (फक्त वापरावरचं बंधन) आहे? सगळं इथेच अडतं. आरक्षण असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 127 हाताशी आहे. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर तुम्ही नोटीस द्यायची. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. झोनला ही तरतूद लागू नाही. उताऱ्यावर नाव तुमचंच राहतं, वापर मात्र हातचा जातो आणि मोबदल्याचा रुपयाही मिळत नाही. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

म्हणून हरकतीत पहिला मुद्दा हा घ्या. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार रोज 5 टनांहून जास्त क्षमतेच्या प्रकल्पाला ना विकास बफर ठेवावा लागत होता, पण तो प्रकल्पाच्या एकूण जागेतच. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही बफर प्रकल्पाला दिलेल्या जागेच्या आतच ठेवायचा आहे. नगरपरिषदेने कुंपणापर्यंत कचरा टाकून आपला बफर संपवला असेल, तर त्याची भरपाई तुमच्या शेतातून कशी होणार? कुंपणापासून ढिगाऱ्यापर्यंतचं अंतर मोजून मागा. जमीन हवीच असेल, तर रीतसर आरक्षण टाका आणि कलम 126 खाली मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन घ्या, असं स्पष्ट लिहा.

आता घराचं. इथे मी तुमच्या बाजूने खोटं बोलणार नाही. 2016 च्या नियमांत भरावभूमी (कचरा पुरायची जागा) वस्तीपासून 200 मीटर दूर असावी असं होतं, आणि डेपो बंद झाल्यावरही किमान 15 वर्षं देखरेख सांगितली होती. कचरा कुजताना मिथेन निघत राहतो, काळं पाणी जमिनीत झिरपत राहतं. निवासी झोन मागितलात तर हरकत कच्ची पडेल. मिळालाच, तरी नातवंडांना तिथे वाढवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यापेक्षा डेपोशेजारी चालेल असा वापर मागा: गोदाम, रोपवाटिका, सौरऊर्जा, सुक्या कचऱ्याचं वर्गीकरण. सोबत हेही मागा की डेपो कधी बंद होणार ते आराखड्यात नमूद व्हावं आणि बंद झाल्यावर वायू व झिरपणाऱ्या पाण्याची तपासणी समाधानकारक आली की झोनचा फेरविचार व्हावा. घर त्या गटाच्या बाहेर, जमेल तितकं लांब बघा.

विहीर असेल तर तिचं पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आत्ताच तपासून घ्या, पावसाळ्यानंतर पुन्हा. डेपोच्या हद्दीपासून 50 मीटरपर्यंतच्या भूजलाची उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी असं 2016 चे नियम सांगत होते. ते अहवाल माहिती अधिकारात मागा. पाणी बिघडलेलं निघालं, तर नुकसानभरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची वाट वेगळी आहे. तिथे 5 वर्षांची मुदत असते, ती हरकतीच्या गडबडीत हुकवू नका.

हरकत लेखी द्या, नोटिशीत छापलेल्या तारखेच्या आत. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोहोच जपून ठेवा. 'प्रत्यक्ष सुनावणी हवी' हे वाक्य त्यात असू द्या. नियोजन समितीसमोर बोलवतील तेव्हा मोजणी नकाशा, पाण्याचे अहवाल आणि कुंपणालगतच्या ढिगाऱ्याचे तारखेसह फोटो घेऊन जा. शेजारचे गटधारकही याच रेषांखाली असतील, त्यांना सोबत घ्या, पण हरकत प्रत्येकाने आपापल्या गट नंबरने वेगळी द्यावी.