उत्तर: प्रोस्टेटची गोळी आठ दिवस बंद करून मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं का?

तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. तुमचे वडील ७१ वर्षांचे, प्रोस्टेटची गोळी पाच वर्षं चालू, मोतीबिंदूची तारीख बारा दिवसांवर. आणि मेडिकलवाला म्हणतो, ‘ही गोळी डोळ्याला बाधते, आठ दिवस बंद ठेवा.’ करू का बंद, असं विचारताय.

मी डॉक्टर नाही, वीजखात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. जे भोगलं आणि नंतर विचारून-वाचून जे कळलं तेवढंच सांगतो. फेको म्हणजे काय, लेन्स कुठली घ्यावी, हे लिहीत बसत नाही. ते तुम्हाला काउंटरवरची मुलगी रंगीत तक्ता दाखवून सांगेलच.

गोळी बाधते हे खरं आहे. बंद केली की बाधत नाही, हे खोटं. माझा घात या दुसऱ्या वाक्याने केला.

मलाही एका ओळखीच्याने हेच सांगितलं होतं. मी दहा दिवस आधी गोळी बंद केली, कुणालाही न विचारता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फॉर्म आला. त्यात रकाना होता, ‘सध्या चालू असलेली औषधे’. बीपीची लिहिली, शुगरची लिहिली. प्रोस्टेटची गोळी ‘सध्या’ चालू नव्हती, म्हणून नाही लिहिली. नोकरीभर विचारलं तेवढंच लिहायची सवय लागलेली! सिस्टरने विचारलं, “रक्त पातळ करायची गोळी?” नाही. “अजून काही?” नाही. झालं.

टेबलावर नुसते थेंब टाकून डोळा बधिर करतात, त्यामुळे कान शाबूत. वरती प्रकाशाचे कडा नसलेले रंग हलत होते, सर्जन मजेत बोलत होते. मग एकदम गप्प झाले. “बाहुली आवळतेय.” थोड्या वेळाने, “हे लघवीची गोळी घेतात का, पेपर बघा.” पेपरवर काहीच नव्हतं. मीच हिरव्या कापडाखालून म्हणालो, “घेत होतो, बंद केली.” त्यावर कुणी बोललं नाही. पंधरा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. लेन्स बसली, नजर आली, पण ऑपरेशनच्या चिरेतून बाहेर यायला बघणाऱ्या आयरिसला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाला, इजा झाली. आजही त्या डोळ्याची बाहुली वाटोळी नाही, खाली एक टोक आहे. रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्याला शेपूट फुटतं.

आणि त्याच रात्री दोन वाजता लघवी तुंबली. वर डोळ्याला पट्टी, खाली नळी, अशा अवतारात सकाळ झाली.

आता कारण. आयरिस म्हणजे तोच बाहुलीभोवतीचा रंगीत भाग. (आपण ‘पडदा’ म्हणतो तो रेटिना, तो मागे. हा वेगळा.) टॅम्सुलोसिनसारखी गोळी प्रोस्टेटचे स्नायू सैल करते म्हणून लघवी मोकळी होते. पण ज्या अल्फा-१ए रिसेप्टरवर (स्नायूत औषध जिथे चिकटतं ती जागा) ती काम करते, तोच बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूतही आहे. तोही ढिला पडतो. मग डोळ्यात पाणी खेळवलं की आयरिस खळ गेलेल्या धोतरासारखी फडफडते, चिरेकडे धावते, आणि बाहुली लहान होत जाते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल या डोळ्याच्या डॉक्टरांनी हे २००५ साली पहिल्यांदा मांडलं. अमेरिकेतल्या या औषधाच्या माहितीपत्रकातच आहे की गोळी ५ आठवडे ते ९ महिने आधी बंद केलेल्यांतही हे दिसलंय आणि बंद करण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. आठ दिवसांचं काय घेऊन बसलात?

घाबरवायचं नाहीये. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये ९६ हजारांवर पुरुषांच्या ऑपरेशनांचा अभ्यास २००९ साली आला. टॅम्सुलोसिन नुकतीच घेतलेल्यांत गंभीर गुंतागुंतीचा धोका दुपटीहून जास्त निघाला, पण हिशेब करता साधारण २५५ जणांमागे एकाला जास्तीचा त्रास. सर्जनला आधी माहीत असलं की तो तयारीनिशी उतरतो.

हे मी दुसऱ्या डोळ्याच्या वेळी पाहिलं. दुसरीकडे गेलो, गोळीची स्ट्रिपच टेबलावर ठेवली. तिथल्या सर्जन बाई म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत, गोळी चालू ठेवा.” डोळ्यात बाहुली मोठी ठेवणारं फिनाईलएफ्रिन सोडलं, बाहुली ताणून धरायला मॅल्युगिन रिंग बसवली, वीस मिनिटांत बाहेर. रिंगचे पैसे विम्याने नाकारले. ते आधीच विचारून ठेवा.

त्यांना पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स हव्या होत्या. त्यासाठी पहिल्या ठिकाणी चार खेपा घातल्या. अर्ज द्या, साहेब रजेवर, फाईल गोदामात, पुढच्या सोमवारी या. हाती आलं ते डिस्चार्ज कार्ड, ‘शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली’. पाऊण तासाचा उल्लेख नाही, बाहुलीचा नाही! माझी चूक मी कबूल करतो, पण फॉर्मवर ‘सध्या’च्या जागी ‘आजवर’ छापायला काय जातं हो?

स्ट्रिपवरचं मोठं नाव बघू नका, युरिमॅक्स काय नि वेल्टाम काय. खालची बारीक अक्षरं वाचा: टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन. पहिल्या दोन जास्त त्रास देतात असं मला सांगितलं गेलं. मुतखडा पडावा म्हणूनही टॅम्सुलोसिन देतात, तेव्हा घरात बायकांपैकी कुणी घेतली असेल तर त्यांनीही सांगावं. आणि अजून ही गोळी सुरूच झाली नसेल, तर मोतीबिंदू उरकेपर्यंत थांबता येईल का हे युरॉलॉजिस्टना विचारावं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत, उद्याच डोळ्याच्या दवाखान्यात फोन करा आणि ही गोळी फाईलवर लिहून घ्यायला सांगा. बाहुली ताणून धरायची रिंग किंवा हुक त्यांच्याकडे आहेत का, तेही विचारा. प्रश्न ऐकून तोंड वाकडं केलं तर मी तरी दुसरीकडे जाईन. काही ठिकाणी आधी बाहुली मोठी करायला ॲट्रोपिनचे थेंब देतात. गोळी बंद आणि वर ते थेंब, यात लघवी तुंबायची भीती वाढते, तेव्हा थेंब दिले तर प्रोस्टेटचं पुन्हा एकदा सांगा. आणि मेडिकलवाल्याचं ऐकून गोळी बंद केलीच असेल, तर ज्यांनी लिहून दिली त्यांना आजच विचारा. लघवी अडली तर सकाळची वाट बघू नका, मी तीन तास बघितली.