कॉम्प्युटर सायन्स की आयटी? जर्मनीत पदवीचं नाव नाही, मार्कशीटमधले विषय बघतात

तुझा प्रश्न आधी इथे मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घर सांगलीला, पुणे विद्यापीठाची बी. ई. आयटी, शेवटचं वर्ष, सीजीपीए ८.२, हिंजवडीतल्या नोकरीची ऑफर हातात, आणि मास्टर्ससाठी जर्मनीला यायचंय. मामा म्हणतात, कॉम्प्युटर सायन्सच घे, आयटीला किंमत नाही. कन्सल्टंट म्हणतो, तू आयटीची आहेस तर 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' नावाच्याच कोर्सला अर्ज कर, प्रवेश सोपा जाईल. तर कोणाचं ऐकू?

दोघांचंही नको.

मामांचं मत कॅप राउंडच्या कट-ऑफमधून आलंय. आपल्याकडे कॉम्प्युटरची कट-ऑफ बहुतेक कॉलेजांत आयटीच्या थोडी वर लागते, म्हणून आयटी खालची. हा हिशेब सीईटीच्या मोसमापुरता ठीक आहे. इथे तुझा अर्ज तपासणाऱ्या प्राध्यापकाला तो माहीतही नसतो. मी स्वतः नाशिकहून आयटी करून आले आणि इथे इन्फॉर्माटिक, म्हणजे आपलं कॉम्प्युटर सायन्स, केलं. माझ्या बी. ई.वर 'आयटी' लिहिलंय याबद्दल मला प्रवेशाच्या वेळी कुणी विचारलं नाही, नोकरीच्या वेळी तर नाहीच.

कन्सल्टंटचा सल्ला मात्र खरंच महागात पडेल. जर्मनीत बऱ्याच तांत्रिक विद्यापीठांत 'इलेक्ट्रोटेक्निक उंड इन्फॉर्मात्सिओन्सटेक्निक' असा एकच जोडविभाग असतो. डार्मश्टाटला आहे, कार्ल्सरूहला आहे. म्हणजे इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इथे इलेक्ट्रिकलच्या घरात राहते. श्टुटगार्ट विद्यापीठाचा 'इन्फोटेक' हा इंग्रजीतला मास्टर्स बघ. नाव वाचून तुला वाटेल आपलाच कोर्स. आत कम्युनिकेशन इंजिनिअरिंग, एम्बेडेड सिस्टीम्स, मायक्रो-ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स. आपल्याकडची ईअँडटीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची, मुलं तिथे शोभतात. तुझ्या मार्कशीटमध्ये सिग्नल्स अँड सिस्टीम्स नाही, अॅनालॉग सर्किट्स नाहीत. अर्ज करशील आणि 'पूर्वशिक्षण पुरेसं संबंधित नाही' असं पत्र येईल. नावावरून कोर्स निवडू नकोस, त्याचं 'मोडूलहांडबूख' उघड. प्रत्येक विषय किती क्रेडिटचा आणि आत काय शिकवतात हे सगळं त्या पीडीएफमध्ये असतं.

तुझ्यासमोर खरी निवड आहे ती इन्फॉर्माटिक आणि विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक यांच्यात. दुसऱ्यात निम्मं कॉम्प्युटर, निम्मं व्यवस्थापन: प्रोसेस, ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), डेटाबेस, थोडं अर्थशास्त्र. असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सॅप कंपनीचं मुख्यालय हायडेलबर्गजवळ वाल्डॉर्फला आहे, त्यामुळे या पदवीला इथे कुणी कमी लेखत नाही. माझ्या ऑफिसात प्रॉडक्टकडचे निम्मे लोक हीच पदवी घेतलेले. पण बहुतेक ठिकाणी हा कोर्स जर्मनमधून चालतो, आणि प्रवेशाला कॉमर्स-मॅनेजमेंटचे क्रेडिट मागतात, जे बी. ई.वाल्यांकडे फारसे नसतात. शिवाय पुढची कामं क्लायंटसमोर बसून बोलायची, म्हणजे भाषा चांगलीच हवी. तुझ्या प्रश्नात 'कोडिंग आवडतं, मीटिंगा नाही' असं वाक्य होतं. त्यानंतर माझ्या मनात फार शंका राहिली नाही. इन्फॉर्माटिक.

आता त्यातलं अवघड. मास्टर्सचे नियम वाचशील तेव्हा अशी अट दिसेल: गणिताचे इतके ईसीटीएस, थिऑरेटिकल इन्फॉर्माटिकचे इतके, प्रॅक्टिकलचे इतके. ईसीटीएस म्हणजे युरोपातले क्रेडिट, वर्षाचे ६०, मास्टर्सचे १२०. आयटीच्या मुलांचा अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा थिअरीच्या रकान्यात. तुझ्या विषयांच्या यादीत डिस्क्रीट मॅथ्स आहे, थिअरी ऑफ कम्प्युटेशन आहे, अल्गोरिदम्सचा वेगळा पेपर नाही. इलेक्टिव्हमधून घेता येत असेल तर तोच घे, क्लाउडवाला मोह सोड. क्लाउड नोकरीत आठवडाभरात शिकशील. मग एक तक्ता कर: डावीकडे त्यांची अट, उजवीकडे तुझा विषय, सेमिस्टर, सिलॅबसमधली युनिटं आणि तास. नुसतं 'थिअरी ऑफ कम्प्युटेशन' लिहून थांबू नकोस. फायनाइट ऑटोमेटा, काँटेक्स्ट-फ्री ग्रामर, ट्युरिंग मशीन, डिसायडेबिलिटी असं फोडून लिही. तपासणाऱ्याला पुण्याचा सिलॅबस पाठ नसतो, आणि तो सिलॅबस शोधायलाही कुणी जाणार नाही.

मार्कांचंही सांगते. आपला सीजीपीए ते 'बव्हेरियन फॉर्म्युल्या'ने जर्मन गुणांत बदलतात, जिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. सर्वोच्च १० मधून तुझे ८.२ वजा कर, १.८. त्याला सर्वोच्च आणि पास होण्याचा किमान ग्रेड यांच्यातल्या फरकाने, म्हणजे १० वजा ४ बरोबर ६ ने भाग, ३ ने गुण, १ मिळव. उत्तर १.९. पण कुणी किमान ग्रेड ५ धरला तर तोच आकडा २.०८ होतो. काही ठिकाणी मर्यादा २.० असते, म्हणून ट्रान्सस्क्रिप्टवर किमान पासिंग ग्रेड स्पष्ट छापून घे. कॉलेजच्या क्लार्कच्या मागे लागावं लागेल. लाग.

आता प्रवेश मिळाल्यानंतरचं, जे कन्सल्टंट कधीच सांगत नाहीत. पुण्यात पंपिंग लेमा, म्हणजे थिअरी ऑफ कम्प्युटेशनमधली सिद्धतेची एक युक्ती, कसा 'करतात' तुला माहीत आहे: चार ठरलेली उदाहरणं, त्यातलं एक परीक्षेत येतं. इथे दर आठवड्याला 'युबुंग्सब्लाट' येतो, सरावाच्या प्रश्नांचा कागद. त्यावर तीन-चारच प्रश्न असतात, पण 'ही भाषा रेग्युलर आहे का? सिद्ध करा' एवढंच लिहिलेलं, आणि ती भाषा (इथे भाषा म्हणजे चिन्हांच्या ओळींचा संच) कुठल्याच पुस्तकात नसते. माझ्या पहिल्या कागदावर ट्यूटरने समासात लाल पेनने फक्त 'का?' असं लिहिलं होतं, प्रत्येक ओळीसमोर. बऱ्याच विषयांत या कागदांवर निम्मे गुण मिळाले तरच लेखी परीक्षेला बसू देतात. आणि एटीकेटी हा प्रकार नाही. सक्तीच्या विषयात साधारण तीन संधी. तिसऱ्यांदा नापास झालीस तर नाव काढून टाकतात, आणि तोच कोर्स मग देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. घाबरवत नाहीये. या विषयाची मुळं इथे बऱ्याच ठिकाणी गणिताच्या विभागात आहेत आणि ते अजून जाणवतं. सिद्धता लिहायला तुला खरंच नको वाटत असेल, तर फाखहोखशुलेचा, म्हणजे उपयोजित शिक्षणाच्या संस्थेचा, मास्टर्स निवड. तिथे प्रोजेक्ट जास्त, वर्ग लहान, कंपन्यांशी संबंध जवळचे. त्यात कमीपणा काही नाही. पुढे पीएचडी करायची असेल तर मात्र विद्यापीठाची वाट सरळ पडते.

कुठे? सारब्र्युकेनचं नाव आपल्याकडे फार ऐकू येत नाही, पण कॉम्प्युटर सायन्ससाठी ते भारी आहे. माक्स प्लांक सोसायटीच्या दोन संशोधन संस्था आणि एआयवर संशोधन करणारी डीएफकेआय कॅम्पसवरच, मास्टर्स इंग्रजीत, ट्यूशन फी नाही. कायझर्सलाउटर्न, पाडरबोर्न, पासाऊ हेही बघ. म्युनिकच्या टीयूने, म्हणजे तांत्रिक विद्यापीठाने, २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे कार्ल्सरूह-श्टुटगार्टकडे, २०१७ पासून सेमिस्टरला १,५००. खासगी कॉलेजं या १,५०० हून कितीतरी जास्त घेतात. कन्सल्टंट तीच पुढे करत असेल तर त्याला कमिशन कुठून मिळतं ते विचार.

पैशांचं बाकी थोडक्यात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा, निघण्याआधी ताजा बघून घे). शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. ते डिलिव्हरीत घालवू नकोस, 'वेर्कष्टुडेंट', म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करणारी विद्यार्थिनी, म्हणून कंपनीत लाव. मास्टर्सनंतरची पहिली नोकरी बहुतेकांना तिथूनच लागते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ते भरपूर वाटतात, पण गेल्या काही वर्षांत नवख्यांसाठी बाजार थंडावलाय आणि इंग्रजीवर चालणाऱ्या जागांवर सगळं जग तुटून पडतं. जर्मन बी१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, येत असेल तर रांग निम्मी होते, हे माझं निरीक्षण. म्हणून पुण्यात आहेस तोवर रानडेला किंवा माक्स म्युलर भवनाला नाव घाल. इथे आल्यावर शिकू म्हणणारे पहिल्या सेमिस्टरच्या युबुंग्सब्लाटात बुडतात.

शेवटचं, हिंजवडीच्या ऑफरचं. घे. वर्षभराचा अनुभव वेर्कष्टुडेंटच्या मुलाखतीत कामाला येतो आणि ब्लॉक्ड अकाउंटला घरच्यांवरचा भारही कमी होतो. मधल्या काळात एपीएसचं, म्हणजे आपल्या पदव्या खऱ्या आहेत का हे जर्मनीसाठी तपासणाऱ्या कार्यालयाचं, प्रमाणपत्र काढून ठेव. नोव्हेंबर २०२२ पासून त्याशिवाय विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि ते हातात यायला वेळ लागतो. हिवाळी सत्राची अधिकृत मुदत १५ जुलै दिसेल, पण इंग्रजी कोर्सेस आपल्याकडच्या मुलांसाठी बऱ्याचदा मे अखेर किंवा त्याआधीच बंद होतात. सही करण्याआधी ऑफर लेटरमध्ये दोन गोष्टी बघ: बाँड आहे का, आणि नोटीस पिरियड किती. तीन महिन्यांचा असेल तर जुलैत प्रवेशपत्र हातात पडल्यावर राजीनामा देऊन ऑक्टोबरच्या वर्गाला वेळेवर पोचणं जमत नाही, तेव्हा उरलेल्या दिवसांचे पैसे भरून नोटीस विकत घेता येते का हे एचआरकडून मेलवर लिहून घे.