आपत्तीच्या इशाऱ्यांवर सरकार एवढे कोटी खर्च करतं, त्याचा गावात खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की 2023 मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, त्या यंत्रणेवरचा पैसा पाण्यात गेला का. मी श्रीवर्धन तालुक्यातला. माझं उत्तर: पाण्यात नाही गेला, पण वाटेतच कुठेतरी थांबलाय.

आधी तो किंचाळणारा फोन. याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस एकेका नंबरला जातो, लाखो लोकांना पाठवायचा तर रांग लागते. इथे टॉवर आकाशवाणीसारखा एकदाच बोलतो आणि त्याच्या पट्ट्यात जो फोन चालू असेल तो ऐकतो. नंबर नको, नेट नको. हे तंत्र सी-डॉट या सरकारी संस्थेने देशातच तयार केलं. वेगवेगळ्या खात्यांचे इशारे एका जागी आणणाऱ्या प्रकल्पासाठी केंद्राने 354.83 कोटी मंजूर केले. देशाच्या मानाने ही रक्कम फार नाही.

माझ्या फोनवर चाचणी आली ती 20 जुलै 2023 ला सकाळी. आदल्या रात्री आमच्याच जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. टीव्हीवर तेच चालू, आणि हातातला फोन ओरडतोय की हा चाचणीचा इशारा आहे. बायको म्हणाली, "आता कशाला बोंबलतोय?" तिचं चुकलं नव्हतं, पण आदल्या रात्री तो ओरडला असता तरी सांगणार काय होता? इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. अख्ख्या रायगडला रेड अलर्ट मिळतो, पण रात्री अंथरुणावर पडलेल्या माणसाला आपल्या डोक्यावरच्या डोंगराचं काही कळत नाही. संशोधनाची खरी गरज इथे आहे.

निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी उलटं झालं. 3 जून 2020. वादळ येणार हे दोन-तीन दिवस आधीपासून पोराटोरांनाही ठाऊक होतं. रिक्षेला भोंगा बांधून दवंडी फिरली, आम्ही कौलारू घर सोडून शाळेत गेलो. अंदाज चोख होता, त्यात शंकाच नाही. पण दुपारी खांब आडवे झाले, टॉवर गेला, आणि नंतर आमच्या गावात फोन म्हणजे नुसती पाटी. आम्ही जिवंत आहोत हे पुण्याला सासुरवाडीत कळायला पाच दिवस लागले. टँकर कुठे येणार, रस्ता कुठवर मोकळा झालाय, हे गावभर सांगायला दवंडीच उरली होती.

म्हणून मला ओडिशाचं कौतुक वाटतं. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे जवळपास दहा हजार माणसं गेली. 2013 च्या फायलिन वादळात हा आकडा पन्नासच्या आत राहिला. त्यांनी नुसता अंदाज सुधारला नाही, तर निवारे बांधले, गावोगाव लोकांची तालीम घेतली. पुढे 2018 मध्ये सहा किनारी जिल्ह्यांत 122 भोंग्यांचे मनोरे उभे केले. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या ज्या चक्रीवादळ प्रकल्पात ओडिशा पहिल्या टप्प्यात होता, त्याच्याच दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र आला. अलिबागला भूमिगत वीजवाहिन्या त्यातूनच झाल्या. तार जमिनीखाली गेली की वाऱ्याने तुटायची भीती नाही. माझ्या मते ही कामं इशारा-यंत्रणेचाच भाग धरली पाहिजेत.

पैसा नाही असंही नाही. सप्टेंबर 2024 मध्ये 'मिशन मौसम'ला दोन वर्षांसाठी 2,000 कोटी मंजूर झाले, रडार आणि हवामानाच्या संशोधनासाठी. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी आपत्ती येण्याआधी करायच्या कामांचा वेगळा राष्ट्रीय निधी सुचवला, 13,693 कोटींचा. आमच्याकडे मात्र अजून भरपाईचे अर्ज भरायचीच सवय जास्त. वाडीवर पर्जन्यमापक बसवा असा ठराव ग्रामसभेत मांडला, तर लोक विचारतात, त्याचं अनुदान कोणाच्या खात्यात येणार?

तोवर एक करा. फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का बघा. 2023 मध्ये कर्कश वाटले म्हणून बऱ्याच जणांनी ते बंद केलेत, माझ्या धाकट्या भावाने तर आईच्या फोनवरचेसुद्धा.