हवा स्वच्छ झाली की उत्तरेकडच्या जंगलांत जमिनीलगतचा झाडोरा आपोआप परत येतो का?

नाही. निदान मी राहते त्या सडबरीत तरी नाही. यावरून आमच्या घरात जोरात वाद झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

सडबरी हे कॅनडातल्या ऑन्टारियोमधलं निकेल-तांब्याचं शहर. सुरुवातीच्या काळात इथे लाकडांचे ढीग रचून खनिज उघड्यावर भाजत. गंधकाचा धूर जमिनीलगत पसरून रानं जळाली. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंच चिमणी झाली, पुढे भट्ट्या सुधारल्या, आणि आज सल्फर डायऑक्साइड पूर्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे.

आमचे दाजी नागपूरहून आले होते, सगळी नोकरी कारखान्यात झालेली. गाडीतून हिरव्या टेकड्या बघून म्हणाले, "धूर थांबला, निसर्गानं आपलं आपण सावरलं. कंपनीनं आणखी काय करायचं?" मातीची आम्लता उतरवायला इथे चुना टाकतात; मी त्यांना तो न टाकलेल्या एका उतारावर नेलं. काळेठिक्कर खडक, बर्चची खुरटी झाडं, मधूनमधून आम्ल माती सोसणारी ब्लूबेरी. शेवाळाची गादी नाही, नेचे नाहीत. पाचोळा बाजूला केला की लगेच खडी. दाजी गप्प बसले, पण पटलं असं काही म्हणाले नाहीत.

त्यांनी गाडीतून पाहिलेल्या हिरवाईत माणसांची मजुरी आहे. १९७८ पासून विद्यार्थ्यांनी, कामगारांनी चुनखडीच्या पिशव्या टेकड्यांवर वाहून नेल्या, हेक्टरी १० टनांच्या आसपास. मग खत, गवताचं बी, रोपं; आजवर एक कोटीच्या वर झाडं. तरीही झाडांखाली रानातल्या वनस्पती येईनात, म्हणून रस्त्याच्या कामात जाणाऱ्या जंगलातून मुळं-मातीसकट थर कापून इथे आणून बसवतात. त्या कामाला मीही गेले आहे. ओला थर जड असतो, पण मला त्या कामाचा अभिमान आहे.

कारण सांगायचं तर, शेवाळ आणि दगडफूल यांना मुळं नसतात, ती पाणी-क्षार पावसातून आणि हवेतून घेतात. म्हणून धुरानं ती आधी मरतात, आणि हवा निवळल्यावर खोडांवरची दगडफुलं परतही येतात. मुळं असणाऱ्यांचं तसं नाही. तांबं आणि निकेल मातीच्या वरच्या थरात साठून राहतं, बी रुजतं नेमकं तिथेच. आम्ल मातीत हे धातू मुळांना जास्त बाधतात. चुन्यानं आम्लता उतरते, धातू मात्र तिथेच राहतात.

हे सगळं भट्टीच्या धुराबद्दल. स्वीडन-फिनलंडच्या रानांत हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनचा त्रास वेगळा आहे: बिलबेरी (ब्लूबेरीसारखं बुटकं झुडूप) मागे हटते, गवत माजतं. सडबरीचा चुना तिथे लागू करू नका.

कुणी उपग्रहाचा हिरवा नकाशा दाखवून "सगळं भरून आलं" म्हणालं, तर झाडांखाली काय उगवलंय ते विचारा. आणि भट्टीला परवानगी देतानाच माती दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा ते लिहून घ्या. दाजी म्हणतात तसं धूर थांबला की जबाबदारी संपली, हे मला अजिबात मान्य नाही.