लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, खेळाडू आणि प्रशिक्षकांचा समाजकार्यासाठी वेगळा गौरव कशासाठी? खेळातील कामगिरी पुरेशी नाही का?

पुरेशी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मी अमेरिकेतील पिट्सबर्गजवळ राहत असल्यामुळे त्यासाठी मला लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचे बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंते 1955 पासून 1972 पर्यंत अठरा मोसम पिट्सबर्ग पायरेट्स या संघाकडून खेळले, चार वेळा लीगचे सर्वोत्तम फलंदाज ठरले आणि बरोबर 3,000 हिट्सवर (यशस्वी फटक्यांवर) त्यांची कारकीर्द थांबली. एवढ्या आकड्यांवरही त्यांचा सन्मान झालाच असता. तरीही मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीग त्यांच्या नावाने दरवर्षी जो पुरस्कार देते, तो हिट्स मोजून दिला जात नाही. तीसही संघ आपापल्या एकेका खेळाडूचे नाव सुचवतात आणि त्याचे चारित्र्य व लोकांसाठी केलेले काम पाहून त्यांतील एकाची निवड होते.

1972 च्या अखेरीस क्लेमेंते पोर्तो रिकोच्या हौशी संघाचे व्यवस्थापक म्हणून निकाराग्वात राहून आले होते. ते घरी परतल्यावर थोड्याच काळात, 23 डिसेंबरला, तिथली राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. त्यांनी लगेच मदत गोळा करून पाठवली, परंतु ती गरजूंपर्यंत न पोहोचता निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा याच्या राजवटीच्या माणसांच्या हाती पडत असल्याचे त्यांच्या कानावर आले. आपण स्वतः बरोबर गेलो तर सामान योग्य हाती पडेल, असे ठरवून ते 31 डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून निघालेल्या विमानात बसले. क्षमतेपेक्षा जास्त भार घेतलेले ते जुने डीसी-7 उड्डाणानंतर लगेचच समुद्रात कोसळले आणि आतील पाचही जण गेले. क्लेमेंते 38 वर्षांचे होते, आणि त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. पुढच्याच वर्षी, कारकीर्द संपल्यावर पाच वर्षे थांबण्याचा नियम बाजूला ठेवून, त्यांना बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये घेण्यात आले. लॅटिन अमेरिकेतून तेथे पोहोचलेले ते पहिले खेळाडू.

या गौरवात ‘लॅटिनो’ हा उल्लेख कशाला हवा, असे विचारणाऱ्यांनी त्यांची जिवंतपणीची वर्तमानपत्रे पाहावीत. त्यांचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे छापून त्यांची थट्टा केली जात असे, आणि त्यांना मान्य नसतानाही बेसबॉल कार्डांवर ‘बॉब’ हे नाव छापले जात असे. 1971 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकल्यावर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहून ते आधी स्पॅनिशमध्ये बोलले, आपल्या मुलांना आशीर्वाद दिले आणि पोर्तो रिकोत बसलेल्या आईवडिलांचे आशीर्वाद मागितले. ज्या ओळखीवरून एखाद्याला आयुष्यभर खाली पाहायला लावले, ती ओळख सन्मानपत्रातून गाळणे मला अन्यायाचे वाटते.

हा प्रश्न मला इतका लागण्याचे कारण मात्र माझ्या मुलाचे प्रशिक्षक आहेत. ते पोर्तो रिकोतील पोन्से शहराचे. दिवसभर घरांची छपरे दुरुस्त करून संध्याकाळी ते आमच्या गावाच्या लहान मुलांच्या लीगमधील एक संघ विनामोबदला सांभाळत. ज्या मुलांचे पालक हॉटेलांच्या स्वयंपाकघरात रात्रपाळी करत, त्यांना ते स्वतःच्या व्हॅनमधून मैदानावर आणत आणि घरी सोडत. शाळेतून आलेली इंग्रजी पत्रे त्या पालकांना समजावून सांगणे, फाटलेले ग्लोव्ह शिवून पुन्हा वापरात आणणे, चेंडूला घाबरणाऱ्या माझ्या मुलाला आधी मऊ चेंडूवर झेल शिकवणे, ही सगळी कामे ते प्रशिक्षणाचाच भाग समजत. सामना कितीही अटीतटीचा असला तरी प्रत्येक मुलाला फलंदाजी मिळालीच पाहिजे, हा त्यांचा नियम होता, आणि त्या नियमामुळे आमचा संघ बरेच सामने हरला, हेही खरे. 2017 च्या सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोची वीज आणि पाणी तोडले, तेव्हा त्यांच्या आईच्या घराचे छप्पर उडालेले असताना त्यांनी मैदानावरील सामानाच्या खोलीत बॅटऱ्या, पाणी गाळण्याची साधने आणि औषधे जमवून तिकडे पाठवली. मुले सराव संपवून खोकी भरत असत.

पुढच्या वसंत ऋतूत मी गावाच्या वार्षिक क्रीडा स्वयंसेवक पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले, पालकांच्या सह्या मिळवल्या आणि सविस्तर पत्र जोडले. समितीचे उत्तर असे होते की हा पुरस्कार परंपरेने विजेत्या संघाच्या प्रशिक्षकाला दिला जातो, मात्र अमेरिकेत स्पॅनिशभाषक वंशाच्या लोकांसाठी पाळल्या जाणाऱ्या हिस्पॅनिक वारसा महिन्याच्या कार्यक्रमात त्यांचा उल्लेख करता येईल. तो महिना 15 सप्टेंबरला सुरू होतो. आमच्या मुलांचा मोसम जूनमध्येच संपलेला होता, त्यामुळे त्यांचे नाव वाचले गेले तेव्हा त्यांनी घडवलेल्या मुलांपैकी जवळजवळ कोणीही तेथे नव्हते.

माझ्या धाकट्या दिरांना समितीचे म्हणणे पटले. ‘वहिनी, खेळाचा हिशेब धावफलकावर होतो, बाकीचे काम देणगीदारांचे,’ असे ते म्हणाले, आणि वंशाच्या नावाने दिलेला पुरस्कार म्हणजे राखीव जागाच, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. माझे म्हणणे असे आहे की दहा वर्षांच्या मुलांच्या प्रशिक्षकाचे यश किती मुले पुढच्या वर्षी पुन्हा खेळायला आली यावरून ठरते, आणि ज्या मुलाला मैदानापर्यंत पोहोचवणारे घरात कोणी नाही, त्याला व्हॅनमध्ये बसवून आणणे हे त्या यशाचेच पहिले पाऊल आहे. ते समाजकार्य म्हणून खेळापासून वेगळे काढताच येत नाही.

व्यावसायिक खेळातही हेच दिसते. बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने 2017 मध्ये अॅलेक्स कोरा यांना व्यवस्थापक नेमले, तेव्हा वाटाघाटीत त्यांनी मारिया वादळाचा फटका बसलेल्या पोर्तो रिकोतील काग्वास या आपल्या गावासाठी मदतसाहित्याचे विमान मागितले. संघाने ते जानेवारी 2018 मध्ये पाठवले, आणि त्याच वर्षी त्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. गावाची काळजी घेणारा माणूस जिंकण्यात कमी पडतो, हा समज निदान येथे तरी टिकत नाही.

म्हणून तुमच्याकडे असा सन्मान द्यायचा असेल, तर तो मोसम चालू असताना, मैदानावर, मुलांसमोर द्या. शिफारशीचा अर्ज स्पॅनिशमध्येही ठेवा, कारण ज्यांना प्रशिक्षकाचे काम सर्वांत जवळून माहीत असते, तेच पालक इंग्रजी अर्जाला बिचकतात. चषकाऐवजी संघाच्या मैदानाचे वर्षभराचे शुल्क भरा.

एक सावधगिरी सांगायला हवी. नामवंत खेळाडूंच्या सर्वच संस्था सारख्या मनापासून चालत नाहीत, तेव्हा नाव सुचवण्यापूर्वी काम कोणी आणि किती वर्षे केले, याची चौकशी करावी. शिवाय क्लेमेंते पुरस्कार केवळ लॅटिनो खेळाडूंसाठी नाही, हेही लक्षात घ्या. 1971 मध्ये तो दुसऱ्या नावाने सुरू झाला तेव्हा पहिला मान विली मेज यांना मिळाला, आणि 1973 मध्ये त्याला क्लेमेंते यांचे नाव दिल्यानंतरही तो सर्व वंशांच्या खेळाडूंना मिळत आला आहे. एदगर मार्तिनेझ, आल्बर्ट पुहोल्स, यादिएर मोलिना या लॅटिनो खेळाडूंना तो त्याच स्पर्धेतून मिळाला, त्यामुळे माझ्या दिरांचा राखीव जागांचा आक्षेप येथे लागूच होत नाही.