ईटीएफ हे ‘कॉम्प्लेक्स’ गुंतवणुकीत मोडतं का?

ईटीएफ म्हणजे शेअरसारखं बाजारात घेता-विकता येणारं फंडाचं युनिट; ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे समजायला अवघड. युरोपात याचं उत्तर नियमातच आहे. तिथे २०१८ पासूनच्या मिफिड-२ या गुंतवणूक नियमावलीप्रमाणे साधा यूसीआयटीएस (युरोपच्या फंड-नियमांत बसणारा) ईटीएफ नॉन-कॉम्प्लेक्स, आणि स्ट्रक्चर्ड (ठरलेल्या सूत्राने परतावा देणाऱ्या) प्रकारातला असला की कॉम्प्लेक्स. मग ब्रोकरला आधी तुमची समज तपासावी लागते. आपल्याकडे रिस्कोमीटर, म्हणजे फंडाची जोखीम दाखवणारा काटा, असतो. तो आतल्या मालाची जोखीम सांगतो, त्या मालाला तुम्ही किती मोजताय हे नाही. माझ्या घोड्याने नेमकी तिथेच पेंड खाल्ली.

ऑक्टोबर २०२५. धनत्रयोदशीला बायकोला चांदीचं निरांजन हवं होतं. आमचे साडू बँकेतून निवृत्त, त्यामुळे घरातले अर्थमंत्री. म्हणाले, “सराफाला तीन टक्के जीएसटी आणि वर घडणावळ कशाला देता? सिल्व्हर ईटीएफ घ्या. शेअरसारखंच आहे, बटण दाबायचं.” दाबलं. चार दिवस आधी, भर सकाळी, तीही मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला. रात्री फंडाच्या साइटवर एनएव्ही (एका युनिटमागच्या मालाची किंमत) बघितली तर १०० रुपयांच्या चांदीला मी जवळपास ११० मोजले होते. म्हणजे तीन टक्के वाचवायला दहा टक्के घातले.

एरवी असं होत नाही, कारण भाव एनएव्हीच्या वर गेला की मार्केट मेकर (युनिटची खरेदी-विक्री सतत चालू ठेवणारा व्यापारी) फंडाकडे चांदी जमा करून नवीन युनिट काढतो आणि बाजारात विकतो. तेव्हा चांदीच मिळेना. काही फंड घराण्यांनी तर आपल्या सिल्व्हर फंड ऑफ फंडात (सिल्व्हर ईटीएफमध्येच पैसे घालणाऱ्या फंडात) एकरकमी पैसे घेणं थांबवलं होतं. विकत घेणारे ढीगभर, युनिट तेवढेच. आठवड्याभरात प्रीमियम, म्हणजे एनएव्हीवरचा जादा भाव, उतरला, पाठोपाठ चांदीही.

तेव्हा माझ्या मते, ज्याचा भाव बरोबर आहे की नाही हे कळायला आयनॅव (बाजार चालू असताना बदलत राहणारी अंदाजे एनएव्ही), मार्केट मेकर आणि प्रीमियम हे तीन शब्द माहीत असावे लागतात, ते साधं नाही. कायदा काहीही म्हणो. निदान घेताना आयनॅव उघडून ठेवा आणि लिमिट ऑर्डरच (आपण ठरवलेल्या भावाच्या वर न घेणारी) टाका. आणि बँकेत नोकरी केली म्हणजे बाजार कळतो असं समजू नका.

निफ्टी बीज हा निफ्टी निर्देशांकाचा ईटीएफ २००१ पासून आहे, माझ्याकडेही आहे, त्यात असा त्रास मला कधी झाला नाही. तेव्हा सगळ्याच ईटीएफना एका मापाने मोजू नये. त्या आठवड्यात सराफही वरचे पैसे मागत होते, हेही खरं.

साडूंचं म्हणणं, नंतर चांदी वाढलीच ना? वाढली की. पण आयनॅव बघून घेतलं असतं तर तेवढ्याच पैशात जास्त युनिट पदरात पडले असते. संक्रांतीला हेच त्यांना सांगायला गेलो, तर हातावर तिळगूळ ठेवून म्हणाले, “गोड बोला.”