‘दृश्यकेंद्रकी’मधलं दृश्य काय?

तासगावच्या एका द्राक्षबागायतदार वाचकांनी विचारलंय: “मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अमिबा आणि यीस्ट ‘दृश्यकेंद्रकी’ म्हणून दिलेत. डोळ्यांना न दिसणारे जीव दृश्य कसे? आणि ‘आदिकेंद्रकी’ म्हणजे केंद्रक आधीपासून असलेली पेशी का?”

घोटाळा समास सोडवताना होतोय. ‘दृश्य’ हे विशेषण जीवाचं नाही, केंद्रकाचं, म्हणजे पेशीतल्या डीएनए असलेल्या गाभ्याचं आहे. जिचं केंद्रक वेगळं उठून दिसतं ती दृश्यकेंद्रकी पेशी. दिसतं तेही सूक्ष्मदर्शकाखालीच. भुईमुगाची शेंग फोडून बघा. टरफलाच्या आत दाणा, आणि दाण्याला पुन्हा आपली तांबूस साल. केंद्रकालाही असंच स्वतःचं पटल असतं. ग्रीक ‘कॅरिऑन’ म्हणजे तरी काय, कवचाचं फळ किंवा त्यातला गर! त्यावरूनच एदुआर शात्तों या फ्रेंच जीवशास्त्रज्ञानं १९२५ साली ‘युकॅरिओट’ (दृश्यकेंद्रकी) आणि ‘प्रोकॅरिओट’ (आदिकेंद्रकी) ही शब्दांची जोडी वापरली.

‘आदि’ आणि ‘आधी’ मात्र वेगळे. आदिमानवातला ‘आदि’ तोच हा: मूळचा, प्रारंभीचा. म्हणजे केंद्रक घडण्यापूर्वीच्या अवस्थेतली पेशी. तुम्ही लावलेल्या अर्थाच्या नेमकी उलट. जिवाणूत डीएनएचा गुंता पेशीद्रवातच एका जागी असतो, भोवती पटल नाही.

तुमच्या बागेतली भुरी आणि आटपाडीकडच्या डाळिंबावरचा तेल्या हे दोन रोग घ्या. दोन्ही नावं शेतकऱ्यानं डोळ्यांनी पाहून दिलेली: एकीची पांढरट भुकटी, दुसऱ्याचे तेलकट डाग. पण भुरी ही बुरशी, म्हणून दृश्यकेंद्रकी. तेल्या जिवाणूचा, म्हणून आदिकेंद्रकी. पेशीची घडणच निराळी असल्यानं जिवाणूंवरचं प्रतिजैविक भुरीला लागू पडत नाही. ‘सूक्ष्मजीव’ हा शब्द फक्त आकार सांगतो, घडण नाही. (विषाणूला तर पेशीच नाही, तो दोन्हींत बसत नाही.)

मला स्वतःला ‘सुकेंद्रकी’ अधिक पटतो. ‘युकॅरिओट’ या मूळ ग्रीक शब्दात ‘यू’ आहे, म्हणजे चांगला, नीट. आपल्या ‘सु’चाच तो दूरचा भाऊ. त्यात ‘दृश्य’मुळे होणारा गोंधळ उरत नाही. पण मुलीला परीक्षेत पुस्तकातलाच शब्द लिहू द्या, आणि ‘आदि’तला ‘द’ ‘ध’ होणार नाही एवढं बघा.